खटखटीत जेवणाऱ्या दोघी

गिनीपिग ओरडत असलं की मी निर्धास्त असते. ते गप्प झालं की मला धडकी भरते. हे मला कळायला वेळ लागला आणि आमच्या बुऱ्हाणपुरातल्या लोकांना तर अजूनही पटत नाही. आमच्याकडे गप्प बसणाऱ्याची फार चलती. गप्प पोर शहाणं, गप्प सून गुणाची, गप्प गाय लक्ष्मी. "किती गरीब आहे हो!" म्हणून कौतुक करायचं आणि त्या गरिबाच्या पोटात भीतीचा गोळा उठलाय का, ते बघायचं नाही. मी सारी नोकरी प्राथमिक शाळेत केली, त्यामुळे गप्प पोरांबद्दल माझं मत आधीपासूनच वेगळं होतं. जनावरांच्या बाबतीत मात्र मला दोन माद्यांनी शिकवलं, आणि त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गिनीपिग म्हणजे उंदराहून मोठं, सशाहून लहान, बिनशेपटीचं, लोडासारखं गोल जनावर. आमच्याकडे त्याला कोणी सफेद चूहा म्हणतं, मग ते काळं का असेना. लोक पोरांच्या वाढदिवसाला हौसेने आणतात. हौस परीक्षेपर्यंत टिकते. नंतर पिंजरा ओट्यावर येतो, ओट्यावरून जिन्याखाली जातो आणि मग "कोणाला पाहिजे का?" सुरू होतं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं, म्हणजे मी आणि हे, गल्लीतलं जुनं घर सोडून इच्छापूरच्या रस्त्याला नव्या कॉलनीत आलो. जुन्या घराच्या दोन्ही बाजूंना विजेवर कापड विणणारे पावरलूम होते. सकाळपासून खटक-खटक, खटक-खटक. भिंतीवरचं कॅलेंडर त्या तालावर हलायचं. आमच्या घरात कोणाच्या मनात काही राहिलं नाही, कारण हळू बोललेलं ऐकूच यायचं नाही. भांडणंसुद्धा गल्लीला ऐकवून करावी लागायची. त्या गल्लीतल्या प्रत्येक बाईचं एकच स्वप्न, कधीतरी शांत घर मिळावं. मला मिळालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "आमच्याकडे पान पडलं तरी ऐकू येतं." हे म्हणायचे, "आणि तुझं बोलणं तर तिसऱ्या घरापर्यंत जातं. आता तरी आवाज कमी कर."

पहिलं गिनीपिग मी शेजारच्या घरातून भांडून आणलं. भर उन्हात ओट्यावर ठेवलेलं मला बघवेना. त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "बाई, मी गाई-म्हशींचा डॉक्टर. याचं मी वाचून शिकतो आणि तुम्हाला सांगतो. तुम्ही सांभाळून बघा आणि मला सांगा." अशी आमची भागीदारी जमली. कोणी असं नकोसं झालेलं जनावर दवाखान्यात सोडून गेलं की डॉक्टरांचा फोन यायचा. मी ते आणायचे, खाऊ-पिऊ घालून धडधाकट करायचे आणि चांगलं घर बघून द्यायचे.

घर बघण्यात मी कोणाची भीड ठेवली नाही. आलेल्या माणसाला आधी बसवायचे, पाणी द्यायचे आणि मग सरबत्ती. घरात कुत्रं आहे का? उन्हाळ्यात कूलर कुठल्या खोलीत असतो? सुट्टीत गावाला जाता तेव्हा कोण बघणार? एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "बाई, एवढी चौकशी तर आम्ही जावयाची नाही केली." मी म्हटलं, "मग काय झालं ते बघा." त्यांना मी दिलं नाही. मात्र एक गोष्ट मी स्वतः होऊन कधीच केली नाही. जनावराला नाव ठेवलं नाही. पाहुण्याचं बारसं आपण करायचं नसतं, ज्याच्या घरी जाईल त्याने करावं.

सगळ्यात मोठं भांडण केळ्यांवरून. आमचा जिल्हा केळ्यांचा. इथे पाहुण्याला केळी, देवाला केळी, गाईला केळी. दापोऱ्याचे एक शेतकरी आपल्या नातीसाठी जोडी न्यायला आले, ते अख्खी फणी घेऊनच. मी सांगितलं, याला रोज गवत, कोथिंबीर, ढोबळी मिरचीची एखादी फोड, पेरूचा तुकडा. केळं कधीतरी बोटाच्या पेराएवढं. ते दुखावलेच. "बाई, केये खाऊन कोनी मेलं काय? आम्ही तर केयावरच वाढलो." मी म्हटलं, "तुम्ही वाढलात, हे फुगेल." ते हसले, आणि मी त्यांना जोडी दिली, कारण हसून ऐकणारा माणूस नंतर फोन करून विचारतो. त्यांचे अजून फोन येतात.

मागच्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्या दोघींचं सांगितलं. गल्लीकडच्या भागातला एक लूमचा कारखाना बंद पडला होता. मशीन भंगारात गेल्या, मालक गाव सोडून गेला. कामगारांनी कधी काळी विरंगुळा म्हणून पाळलेल्या या माय-लेकी मागच्या कोपऱ्यात लाकडी खोक्यात राहून गेल्या. भंगार उचलायला आलेल्या माणसांना त्या दिसल्या. आई तपकिरी-पांढरी, लेक काळीभोर. नखं वाढून वळलेली, अंगाला कापसाची रुई चिकटलेली, आणि वजन असं की हातात घेतलं तर नुसती लोकर धरल्यासारखं वाटावं.

मला भडभडून आलं. जन्मापासून त्या खटखटीत राहिलेली पोरं! मला त्या आवाजाचा त्रास ठाऊक होता. मी ठरवलं, यांना आता असं सुख द्यायचं की बस. जड पायमशीन तेवढी सोडून मागची खोली रिकामी केली, खिडकीला जाड पडदा लावला, दाराला कडी. ह्यांना ताकीद दिली की त्या बाजूला टीव्ही लावायचा नाही, शिंकायचंसुद्धा नाही. "शिंक काय विचारून येते का?" हे म्हणाले, पण बिचारे नाक दाबून फिरले.

दोघी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंगाला अंग लावून बसल्या, त्या बसल्याच. डोळे उघडे, मिशीसुद्धा हलत नव्हती. माझी आधीची सगळी गिनीपिगं कोथिंबिरीची जुडी नुसती सोडवली तरी कुईं-कुईं करून घर डोक्यावर घ्यायची. खूश झाली की उभ्या जागी उडी मारून हवेतच वळायची. या दोघींपुढे कोथिंबीर सुकून गेली. डॉक्टर आले, दात बघितले, पोट चाचपलं. आजार काही नव्हता. पण त्यांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, "बाई, या जनावराचं पोट सतत चालू राहावं लागतं. खाणं थांबलं की आतडं थांबतं, आणि आतडं थांबलं की आपण काही करू शकत नाही. सिरिंजने भरवत राहा. पण स्वतः होऊन खाल्लं तरच जगतील."

मग माझं तेच काम झालं. गवताची पूड पाण्यात कालवून, गालाच्या बाजूने, थेंब-थेंब. आई गिळायची, कारण मी भरवते म्हणून. लेकीच्या तोंडातून अर्धं ओघळून माझ्या पदरावर यायचं. त्या अजिबात चावल्या नाहीत, धडपडल्या नाहीत. चावल्या असत्या तर मी पेढे वाटले असते.

त्याच दिवसांत जुन्या गल्लीतली समोरची शेजारीण नवं घर बघायला आली. तिच्या घरात दोन लूम. नवरा मशीनवर असतो आणि ती दिवसभर बसून कांड्या भरते, म्हणजे धोट्यात घालायच्या कांडीवर सूत गुंडाळते. तिची एकुलती लेक लग्न होऊन लांब गेलेली. तिने पिंजऱ्यापाशी उकिडवं बसून दोघींकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "भाभी, मला द्या ना या. मी अकेलीच बसते दिवसभर. गवत आणते, सगळं करते."

मी तिला अक्षरशः झापलं. "तुझ्या घरात? त्या खटखटीत? त्यातून तर सोडवून आणलंय यांना. वेडी आहेस का?"

ती ओशाळली नाही. हसली, चहा प्याली, शेवेची पुडी ठेवून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "भाभी, तुमच्या इथे कानात कसं सुन्न वाटतं."

दुसऱ्या दिवशी एक सुखवस्तू कुटुंब आलं. नवरा-बायको दोघंही नोकरीला, मोठं घर, सगळं व्यवस्थित. माझ्या सरबत्तीत ते पहिल्या नंबरात पास झाले असते. बाईंनी काळीला उचलून मांडीवर घेतलं. काळी दगडासारखी बसली. "अय्या, किती गरीब आहे! आवाज नाही, चावणं नाही. आम्हाला अशीच पाहिजे. एकच द्या, ही." मी म्हटलं, दोघी एकत्रच जातील, आणि ही गरीब नाही, घाबरली आहे. तिच्या छातीवर हात ठेवून बघा. बाईंनी ठेवला नाही. म्हणाल्या, "नाही हो, स्वभावच शांत आहे. आम्हाला कळतं जनावरांचं." तेव्हा माझा तोल गेला. काय बोलले ते लिहीत नाही, पण ते लोक चपला घालून फाटकापर्यंत पोचले तरी मी बोलत होते.

हे म्हणाले, "अगं, चांगली माणसं होती. निदान एक तरी वाचली असती."

त्याचा मला जास्त राग आला, कारण ते खरं असू शकत होतं. मला राग आला की मी शिवायला बसते. नव्या घराचे पडदे तसेच पडले होते आणि माझी पायमशीन होती नेमकी त्याच मागच्या खोलीत. या दोघींसाठी मी तिला हात लावला नव्हता. त्या दुपारी मात्र डोकं ठिकाणावर नव्हतं. पडदा घेतला, पाय मारला आणि तोंडाने पुटपुटत मशीन दामटायला लागले. मशीन जुनी, तेलाला आलेली. तिचा आवाज शिवण्यापेक्षा मोठा.

एक अख्खी बाजू शिवून झाली तेव्हा मला बारीक कुरकुर ऐकू आली. मान वळवली. काळी कोपरा सोडून पुढे आली होती आणि वाळलेल्या गवताची काडी टोकापासून आत ओढत होती. कडक शेवई खावी तशी. मी आनंदाने पाय थांबवला. त्या क्षणी ती गोठली. काडी अर्धी तोंडात, अर्धी बाहेर.

मी श्वास धरून बसले. काही नाही. मग हळूच पाय मारला. खटक-खटक, खटक-खटक. काडी आत गेली. तिच्यामागून आई आली आणि तिने कोथिंबिरीत तोंड घातलं.

मी ह्यांना हाक मारली ती मशीन चालवतच, जुन्या गल्लीतल्या आवाजात. हे धावत आले, त्यांना वाटलं बोटात सुई गेली. त्यांनी बघितलं आणि दारातच खाली बसले. मी म्हटलं, "मी थांबले की त्या थांबतात." हे म्हणाले, "मग थांबू नको ना." पडदा संपला तरी मी नुसता पाय मारत राहिले. पाय भरून आल्यावर ह्यांनी मला उठवलं आणि स्वतः बसले. आयुष्यात कधी बटण न लावलेला माणूस, रिकामी मशीन चालवत होता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा उमगलं. त्या दोघींना आवाजाचा त्रास कधी नव्हताच. आवाज चालू म्हणजे माणसं आहेत, कोणीतरी जाता-येता गवताची मूठ टाकणार आहे. मग एक दिवस मशीन थांबल्या आणि त्यांच्याकडे कोणी फिरकलंच नाही. अन्न नाही, पाणी नाही, नुसती शांतता. त्या शांततेतून मी त्यांना उचललं आणि माझ्या हौसेने त्याहून गाढ शांततेत नेऊन ठेवलं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "पुस्तकात तर लिहिलंय, मोठा आवाज या जनावरांना वाईट. आणि बाकीच्यांसाठी ते खरंच आहे. पण या दोघींनी पुस्तक वाचलेलं दिसत नाही." त्यांनी एक सांगितलं ते मी गाठीशी बांधलं, की जातीचा स्वभाव एक असतो आणि ज्याने जसे दिवस काढले त्याचा स्वभाव वेगळा. दोन्ही बघावे लागतात.

काही दिवस मी आणि हे आळीपाळीने पायमशीन चालवत होतो. दोघींच्या अंगावर जरा मांस आलं, काळी एकदा कुईं म्हणाली. पण असं किती चालणार? पाय आमचे होते, मोटार नव्हती. मला घर ठाऊक होतं. फक्त तिथे जायला तोंड नव्हतं.

तरी गेले. शेजारीण दारातच कांड्या भरत बसली होती. मी आडवळण न घेता सांगितलं, तू मागितल्या होत्यास, मी झापलं होतं, आता माझीच गरज आहे, घेशील का? वाटलं होतं, एखादा टोमणा मारेल, आणि तिचा हक्कच होता. तिने मांडीवरचं सूत बाजूला ठेवलं. "भाभी, चालंल ना मग माझी खटखट?" एवढं म्हणून हसली आणि जागा दाखवायला उठली. सरबत्ती मी तिलाही सोडली नाही. उडती रुई नाकात जाऊ नये म्हणून पिंजरा लूमच्या खोलीत नाही, भिंतीपलीकडे आतल्या खोलीत. उन्हाळ्यात ओलं पोतं. केळं नाही. तिने प्रत्येकाला मान डोलावली. केळ्याला जरा उशिरा डोलावली.

काही दिवसांनी भर दुपारी बघायला गेले. गल्लीच्या तोंडाशीच तो आवाज अंगावर आला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला आपल्या गावात आल्यासारखं वाटलं. आतल्या खोलीत काळी उड्या मारत होती. उभ्या जागी, हवेत वळून. तपकिरी आई पुढचे पाय जाळीवर टेकून, जवळच टोपली घेऊन कांड्या भरत बसलेल्या शेजारणीकडे बघून अशी ओरडत होती की मला हसू आवरेना. हीच ती गरीब!

तेवढ्यात लाईट गेली. सगळ्या गल्लीतले लूम एकदम थांबले. दोघी जागीच गोठल्या. उडीच्या तयारीत वाकलेली काळी तशीच राहिली. मी शेजारणीकडे बघितलं तर तिचाही हात सुतावर थांबला होता.

"भाभी," ती हळू आवाजात म्हणाली. त्या गल्लीत हळू बोललेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. "मशीन बंद झाली ना, तो माझ्याही गळ्याखाली घास नाही उतरत. डर लागतो. ही लाईट गेलीय, का कायमची बंद झाली? आजूबाजूचे कितीक बंद झालेत. या दोघींचं मला पहिल्याच दिवशी समजलं होतं. पण तुम्हाला काय बोलणार?"

मग तिने टोपलीतून दोन रिकाम्या कांड्या उचलल्या आणि लाकडी पेटीवर वाजवायला लागली. खटक-खटक, खटक-खटक. घाई नाही, थांबणं नाही, अगदी मशीनचा ताल. थोड्या वेळाने काळीचा कान हलला. आईने खाली तोंड घालून गवताची काडी ओढली. मला तिचे आभार मानायचे होते, आणि खूप मानायचे होते. पण बोलले असते तर ताल चुकला असता. मी टोपलीतून दोन कांड्या घेतल्या, तिच्या शेजारी बसले आणि वाजवायला लागले.